खरेदी-विक्री संघाचा काटा

माल घेऊन बाजाराच्या आवारात शिरलेल्या यवतमाळच्या कास्तकाराला आधी दोन गोष्टी कळायला हव्या असतात : वजन कोण करणार आणि चुकारा कधी मिळणार. भाव त्यानंतर, कारण तो त्याच्या हातात कधीच नव्हता. तालुक्याच्या गावी, बाजार समितीच्या आसपास, पत्र्याच्या गोदामावर ज्याची पाटी दिसते तो खरेदी-विक्री संघ याच दोन गोष्टींसाठी उभा राहिला. त्याची वाढ, त्याची पडझड आणि आजची त्याची अर्धवट अवस्था समजून घ्यायची तर याच दोन गोष्टी धरून मागे जावे लागते.

वऱ्हाडात बाजाराला कायद्याची चौकट फार लवकर मिळाली. कारंज्याचा कापूस बाजार १८८६ मध्ये नियमांखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. यवतमाळ जिल्ह्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत. आजचे नाव १९०५ मध्ये आले. त्याच्या दोन वर्षे आधी मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी, आपली शकुंतला, सुरू झाली होती. ती धावली कापसासाठी. इथला कापूस मुंबईच्या बंदरात वेळेवर पोचावा, ही त्या काळच्या राज्यकर्त्यांची आणि गिरण्यांची गरज होती. कायदा आला, रेल्वे आली. विकणारा मात्र एकटाच राहिला. ज्या अडत्याच्या दुकानात तो बंडी रिकामी करी, त्याच्याच वहीत पेरणीच्या आधीपासून त्याच्या नावावर रक्कम चढलेली असे. रुमालाखाली बोटे दाबून ठरलेला सौदा त्याला पैसे हातात पडल्यावरच उमगे. कर्ज देणारा, वजन करणारा आणि भाव ठरवणारा एकच असला, तर बाजाराचे नियम कितीही चांगले असोत, ते कुणाच्या उपयोगाचे?

सहकाराचा कायदा १९०४ चा, पण तो फक्त पतपुरवठ्यापुरता होता. इतर प्रकारच्या संस्थांना वाट मिळाली ती १९१२ च्या कायद्याने. तरी पुढची चाळीस वर्षे सहकार म्हणजे कर्ज, एवढेच चित्र राहिले आणि तेही फिकट. गोरवाला समितीने १९५४ च्या अहवालात ग्रामीण पतपुरवठ्याचा हिशेब मांडला, तेव्हा शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के निघाला. समितीने सुचवलेला उपाय मला आजही बिनतोड वाटतो : कर्ज, विक्री आणि गोदाम यांची साखळी जोडा. गावच्या सोसायटीने पीककर्ज द्यावे, तालुक्याच्या संघाने माल घ्यावा, त्याच्याच किमतीतून कर्ज वळते व्हावे आणि भाव पडलेला असेल तर माल थांबवायला वखार असावी. त्यातून १९५७ मध्ये राज्य वखार महामंडळ आणि १९५८ मध्ये राज्य सहकारी पणन महासंघ उभा राहिला. त्याच वर्षी, गांधी जयंतीला, दिल्लीत नाफेड या देशपातळीवरच्या पणन महासंघाची स्थापना झाली. तालुका संघ हा या इमारतीचा तळमजला होता. त्याचे सभासद गावच्या सोसायट्या आणि शेतकरी, आणि भागभांडवल त्यांचेच, जोडीला सरकारचे.

मग साठचे दशक उजाडले. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ च्या डिसेंबरात मुख्यमंत्री झाले. परदेशी गव्हाच्या जहाजांवर देश तगून होता. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असे ते १९६५ मध्ये शनिवारवाड्यासमोर बोलून गेले. संकरित ज्वारीचा पहिला वाण, सीएसएच-१, त्याच्या आदल्या वर्षी आला होता. ज्वारीचे उत्पादन वाढू लागले आणि सरकारने ज्वारीची एकाधिकार खरेदी पणन महासंघाकडे व त्याच्या हाताखालच्या तालुका संघांकडे सोपवली. आमच्याकडच्या संघांना खरी उभारी आली ती इथे. गोदामे बांधली गेली, काटे आले, नोकरवर्ग आला, तालुक्याच्या राजकारणात संघाच्या अध्यक्षपदाला वजन आले.

माझ्या मते घोळही तिथेच सुरू झाला. शेतकऱ्याने आपला माल विकण्यासाठी काढलेली संस्था सरकारसाठी माल गोळा करू लागली. लेव्हीचा, म्हणजे सरकारी सक्तीच्या खरेदीचा, भाव खुल्या बाजारापेक्षा कमी असला की कास्तकार संघाकडे आपले घर म्हणून पाहीना, वसुलीचे ठाणे म्हणून पाहू लागला. दाणे भरताना पाऊस लागून संकरित ज्वारी काळी पडली, तर उलट सगळा माल संघाच्याच दारात येई. दोन्ही वेळा निर्णय वरून येत आणि बोलणी संघाला खावी लागत.

कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ च्या हंगामात सुरू झाली. कायदा आदल्या वर्षीचा होता. आधी पणन महासंघाने आणि १९८४ पासून कापूस उत्पादक पणन महासंघाने ती चालवली. योजनेची रचना मात्र खरोखर सहकाराची होती. ग्रेडर प्रत पाहणार, हमीभावाने कापूस घेतला जाणार, किमतीतून तीन टक्के शेतकऱ्याच्याच नावे भांडवल म्हणून कापले जाणार. सरकी वेगळी काढून, रुईच्या गाठी बांधून महासंघ त्या विकणार. हंगामाअखेर नफा उरला तर पाऊण हिस्सा शेतकऱ्यांना, पाव हिस्सा किंमत चढउतार निधीत. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस आणि फरदडीचा किडका कापूस यांना वेगळे भाव मिळू लागले, हे अडत्याच्या सरसकट कट्टीनंतर लहान नव्हते. एका हंगामाच्या नफ्याचा बोनस पुढे हाती पडे, तेव्हा लग्ने ठरत, विहिरींचे बांधकाम पुरे होई.

पण पैनगंगेपलीकडे, दुसऱ्या राज्यात, आदिलाबाद आहे. तिकडे भाव चढला की पांढरकवड्याच्या बाजूने कापूस नदी ओलांडे. इकडचा भाव चढा असला की पलीकडचा कापूस इकडच्या काट्यावर येई. नव्वदच्या दशकात हमीभावावरची आगाऊ अतिरिक्त किंमत जाहीर करताना बाजारापेक्षा निवडणुकांकडे जास्त पाहिले गेले. जगातले भाव कोसळल्यावर योजनेचा तोटा हजारो कोटींवर गेला आणि चुकारे रखडले. खासगी व्यापाराला २००२ नंतर वाट मोकळी झाली. पुढे २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज देऊन गेले, तेव्हा त्या सहांत यवतमाळ होतेच. विक्रीची घडी विस्कटली की कर्जाची विस्कटते, हे गोरवालांनी सांगितलेले नाते हा जिल्हा माणसे गमावून शिकला.

आज ज्वारी मागे पडली, तिच्या जागी सोयाबीन आले, तूर राहिली. संघ आता नाफेडसाठी खरेदी करतात, कधी पणन महासंघातर्फे, कधी विदर्भ को-ऑपरेटिव्ह मार्केटिंग फेडरेशनतर्फे. केंद्रावर काम चालते ते असे. सातबारा, पेऱ्याची नोंद, आधार आणि पासबुक देऊन ऑनलाइन नोंदणी. मग मोबाइलवर तारखेचा निरोप. आवारात ग्रेडर गोणीत लोखंडी टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढतो, तळहातावर पसरतो, ओलावा मोजायच्या यंत्रात घालतो. आकडा बारा टक्क्यांच्या वर गेला की माल बाजूला. मग चाळणी. खाली पडलेली खडे-माती आणि फुटके दाणे कास्तकाराचे, वरची तूर सरकारची. पन्नास किलोची गोणी काट्यावर चढते, हमाल दाभणाने सुतळी ओवून तोंड शिवतो, पावती निघते आणि माल वखारीत गेल्यावर पैसे बँकेत पडतात.

ही सगळी रांग एका साध्या गोष्टीने अडते, बारदान्याने. विक्रमी तूर पिकली २०१६-१७ मध्ये. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये, बाजारात त्याहून बराच कमी. ट्रॅक्टर दिवसचे दिवस उभे राहिले आणि केंद्रांवर रिकामी पोती नव्हती. सोयाबीनच्या २०२४ च्या हंगामातही तेच झाले. हमीभाव ४,८९२ रुपये, दाणा ओला. केंद्राने ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांवर नेली तोवर नोव्हेंबर अर्धा सरला होता आणि दिवाळीसाठी पैसा हवा असलेल्यांनी माल व्यापाऱ्याला देऊन टाकला होता. पोती मागवण्याचा अधिकार संघाकडे नाही, तारीख ठरवण्याचा नाही, ओलाव्याबद्दल तर बोलायलाच नको. शिव्या मात्र फाटकावरच्या कर्मचाऱ्याला.

संघांना मोडीत काढा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही आता केंद्रे मिळतात आणि त्यांतल्या काही उत्तम चालतात. पण तालुक्याच्या गावी गोदाम, काटा आणि गावोगावच्या सोसायट्यांशी जुने नाते, हे तिन्ही एकत्र संघाकडेच सापडते. जूनमध्ये खत-बियाणे घ्यायला त्याच दारात जाणारा कास्तकार डिसेंबरात माल घेऊन येऊ शकतो. त्याला थांबण्याची ताकद द्यायला हवी, आणि तिची सोय कागदावर आहे. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालते : माल गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्या, सहा महिने, सहा टक्के व्याजाने. वीस क्विंटल सोयाबीन चार हजारांच्या भावाने ऐंशी हजारांचे. कर्ज साठ हजार, सहा महिन्यांचे व्याज अठराशे. भाव क्विंटलमागे पाचशेने चढला तरी दहा हजार वाढतात, त्यातून व्याज सहज फिटते. न चढण्याचा धोका राहतो, पण दिवाळी तरी साजरी झालेली असते. ही योजना बाजार समित्यांमार्फत चालते. संघाच्या गोदामांना तिच्याशी जोडून घेणे आणि स्वतःच्या भांडवलातून पोत्यांचा साठा हंगामाआधी करून ठेवणे, ही दोन कामे संचालक मंडळाला आपल्या वार्षिक सभेत ठराव करून सुरू करता येण्यासारखी आहेत.