नवे भाग बसवल्यावर संगणक आपोआप रीस्टार्ट होतो : कारण कसे शोधावे?

१. प्रस्तावना

समजा, एका विद्यार्थ्याने जुन्या डेस्कटॉपमध्ये नवे ग्राफिक्स कार्ड आणि रॅमची जादा पट्टी बसवली. दोन दिवसांनी, प्रकल्पाचे काम चालू असताना, पडदा काळा झाला आणि संगणक पुन्हा सुरू झाला. मग हे रोजचेच झाले. अशा वेळी अनेकजण विंडोज पुन्हा टाकतात किंवा अंदाजाने एखादा भाग बदलतात. त्यात वेळ आणि पैसा जातो, कारण मात्र कळत नाही.

शोध सुरू करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. सदोष रॅममुळे फाइलीत चुकीची माहिती लिहिली जाऊ शकते आणि ते लगेच लक्षातही येत नाही.

२. विंडोज थांबले की वीज डगमगली?

गंभीर चूक आढळल्यास विंडोज त्रुटीचा पडदा दाखवते आणि स्वतःच संगणक पुन्हा सुरू करते. तो पडदा वाचता यावा म्हणून ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मधील ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढा.

नंतर ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहा. मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती सांगते. कारण सांगत नाही. तिच्या तपशिलातील ‘बगचेक कोड’ अधिक उपयोगी आहे.

• कोड ० असेल, तर विंडोजला चूक नोंदवताच आली नाही. प्रथम वीजपुरवठा तपासा.
• कोड ० नसेल, तर तो दशमान संख्येत असतो. उदा. २९२ म्हणजे षोडशमान पद्धतीत १२४. हा कोड हार्डवेअरने कळवलेल्या चुकीचा आहे.

३. वीजपुरवठा

एसएमपीएस मदरबोर्डला ‘वीज ठीक आहे’ असा संकेत सतत देत असतो. तो तुटला की मदरबोर्ड प्रोसेसरला रीसेट करतो.

कार्ड २०० वॅट, प्रोसेसर ६५ वॅट आणि इतर भाग ६० वॅट धरले, तर बेरीज ३२५ होते. ४५० वॅटचा एसएमपीएस कागदावर पुरेसा दिसतो. पण ही सरासरी आहे. ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंद याहून बरीच जास्त वीज ओढू शकते, आणि जुना एसएमपीएस तेवढ्यात कोलमडतो. म्हणूनच खेळ किंवा व्हिडिओ रेंडरिंग चालू असताना संगणक पडतो, टंकलेखन करताना पडत नाही.

पडताळणीसाठी कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून कमी करा, किंवा कार्ड काढून मदरबोर्डवरील ग्राफिक्सवर काम करून पाहा (प्रोसेसरमध्ये ती सोय असल्यास). रीस्टार्ट थांबले, तर संशय बळावतो. मात्र एसएमपीएस उघडू नका. बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहू शकतो. दुसऱ्या एसएमपीएसच्या सुट्या केबलीही लावू नका; प्लग जुळला तरी तारांची जोडणी वेगळी असू शकते.

४. रॅम

‘एक्सएमपी’ चालू असल्यास बायोसमधून बंद करा. त्यामुळे रॅम तिच्या मूळ, कमी वेगाने चालेल. मग ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली, तर प्रत्येक पट्टी एकेकटी तपासा. दोन पट्ट्या वेगवेगळ्या चांगल्या असूनही एकत्र नीट चालत नाहीत, असेही होते.

५. एका वेळी एकच बदल

एसएमपीएस आणि रॅम एकदम बदलल्यास संगणक सुरळीत होईल, पण दोष कशात होता हे कळणार नाही. प्रत्येक बदलानंतर तेच काम तेवढाच वेळ करून पाहा आणि वहीत नोंद ठेवा. दिवसातून एकदाच रीस्टार्ट होत असेल, तर तासाभराची शांतता हा पुरावा नव्हे.

६. सारांश

आधी नोंद वाचा, मग संशय घ्या, आणि पडताळणी झाल्यावरच भाग विकत घ्या.

स्वाध्याय

१. ‘कर्नल-पॉवर ४१’ हे रीस्टार्टचे कारण का नव्हे?
२. वरील संगणक ३६० वॅटच्या यूपीएसवर आहे. बेरीज ३२५ वॅट असूनही वीज जाताच तो बंद का पडू शकेल?