माढ्यातला चाहता मोजायचा कसा?

सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्यात कबड्डीची आवड नवी नाही. पण व्यावसायिक सामना पाहायचा तर पुण्याचं बालेवाडी गाठावं लागतं, म्हणजे दीडशे किलोमीटरहून जास्त प्रवास. मग हा चाहता प्रो कबड्डी लीगमधल्या ‘पुणेरी पलटण’ या संघाच्या हिशेबात येतो कुठे?

तिकीटविक्रीत तो येत नाही. उरतो टीव्ही. ‘बार्क’ ही संस्था निवडक घरांत मीटर बसवून प्रेक्षकसंख्येचा अंदाज बांधते. 2015 पासून त्यात ग्रामीण घरंही आली. हा बदल मोठा होता, कारण प्रो कबड्डीचा प्रेक्षक गावातही आहे.

तरीही टीव्हीचा आकडा लोकप्रियता सांगतो, निष्ठा नाही. निष्ठेची खरी कसोटी पराभवात लागते. टोरँटोच्या ‘मेपल लीफ्स’ या आइस हॉकी संघाने 1967 नंतर स्टॅन्ली कप जिंकलेला नाही, तरी त्याची तिकिटं सहज मिळत नाहीत. उलट अटलांटाने आइस हॉकीचे दोन संघ गमावले: एक 1980 मध्ये कॅलगरीला गेला, दुसरा 2011 मध्ये विनिपेगला. अटलांटा विनिपेगहून कितीतरी मोठं! लोकसंख्या म्हणजे बाजारपेठ नव्हे.

महाराष्ट्रातल्या मैदानी हॉकीलाही संघ गमावण्याचा अनुभव आहे. 2013 मध्ये हॉकी इंडिया लीगमध्ये उतरलेला ‘मुंबई मॅजिशियन्स’ दोनच हंगाम टिकला. हॉकीपटू धनराज पिल्लेंच्या राज्यात असं व्हावं, ही बोचणारी गोष्ट आहे.

पलटणने 2024 मध्ये पहिलं विजेतेपद मिळवलं. संघाने आता एखादा सराव सामना सोलापूर जिल्ह्यात खेळावा आणि इथला चाहता डोळ्यांनी मोजावा.