एका कालयात्रिकाचे दुर्दिन

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू झाली. तिच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौला जन्मलेले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. पोलिसांच्या निळ्या चौकीसारख्या दिसणाऱ्या यंत्रातून भूत-भविष्यात भटकणारा एक परग्रहवासी हा मालिकेचा नायक. तो मरणाच्या दारी पोचला की त्याची काया पालटते. चेहरा नवा, स्वभाव नवा, पण माणूस तोच. १९६६ साली विल्यम हार्टनेल यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आले ते याच युक्तीने, आणि तिच्या बळावर मालिका १९८९ पर्यंत चालली. तथापि नव्या चेहऱ्याला प्रेक्षकांनी लवकरच आपलेसे करावे लागते. १९८४ साली नेमके तेच घडले नाही.

त्या वर्षी कॉलिन बेकर हे सहावे डॉक्टर झाले. टॉम बेकर यांची सात वर्षांची कारकीर्द आपण ओलांडावी, अशी त्यांची उमेद होती. त्यांचा डॉक्टर आरंभी उद्धट व आत्मप्रौढ वाटावा आणि पुढे हळूहळू आतील कनवाळू पुरुष उलगडत जावा, असा बेत होता. बेत मुळीच वाईट नव्हता. जेन ऑस्टिन यांच्या कादंबरीतील डार्सीही प्रथम नकोसाच वाटतो. परंतु कादंबरीचा वाचक लगेच पुढचे पान उलटू शकतो. मालिकेच्या प्रेक्षकाला ती सोय नाही. ‘द ट्विन डिलेमा’ या पहिल्याच कथेत हा डॉक्टर भ्रमिष्टावस्थेत पेरी या आपल्या सहप्रवासिनीचा गळा आवळतो. आदल्याच आठवड्यात पीटर डेव्हिसन यांच्या डॉक्टरने त्याच पेरीसाठी प्राण वेचले होते! शिवाय ही कथा मार्च १९८४ मध्ये, हंगामाच्या अगदी शेवटी दाखविली गेली. पुढचा हंगाम जानेवारी १९८५ मध्ये उजाडला. मधले नऊ महिने प्रेक्षकांपाशी नव्या डॉक्टरची आठवण होती ती एवढीच.

पोशाखाचीही तीच कथा. बेकर यांना काळा मखमली वेष हवा होता. निर्माते जॉन नेथन-टर्नर यांनी त्यांना नाना भडक रंगांच्या तुकड्यांचा कोट चढविला, आणि तोही मुद्दाम अभिरुचिहीन! अभिनेता गंभीर होऊ पाही, आणि कोट त्याला विदूषक करी.

१९८५ चे भाग पंचेचाळीस मिनिटांचे होते. त्यांत डॉक्टर व पेरी बराच वेळ आपसांत भांडत बसतात आणि कथानक दुसरीकडेच चालू राहते. सर्वच कथा टाकाऊ नव्हत्या. ‘व्हेंजन्स ऑन व्हॅरोस’मध्ये कैद्यांचा छळ दूरचित्रवाणीवर दाखवून प्रजेचे मनोरंजन करणारा ग्रह आहे, कल्पना मोठी मार्मिक. पण त्याच कथेत दोन माणसे आम्लाच्या कुंडात पडतात आणि डॉक्टर थट्टेचा उद्गार काढून निघून जातो. हिंसेवर बोट ठेवणारी कथा स्वतःच हिंसेच्या आरोपास पात्र ठरली. फेब्रुवारी १९८५ मध्ये बीबीसीने पुढील हंगाम लांबणीवर टाकला. मायकेल ग्रेड हे तेव्हा वाहिनीचे नियंत्रक होते आणि मालिकेविषयीची नावड त्यांनी कधी लपविली नाही.

अठरा महिन्यांच्या खंडानंतर, सप्टेंबर १९८६ मध्ये, चौदा भागांची ‘द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड’ आली. तिच्यात डॉक्टरवर खटला चालतो. वस्तुतः खटला मालिकेवरच चालू होता. अनुभवी लेखक रॉबर्ट होम्स मे महिन्यात, शेवट लिहून होण्यापूर्वीच वारले. पटकथा-संपादक एरिक सॉवर्ड निर्मात्यांशी बिनसल्याने निघून गेले व शेवटच्या भागाची आपली संहिताही परत घेऊन गेले. तो भाग दुसऱ्या लेखकांकडून घाईने लिहवून घेण्यात आला. पेरीचा हृदयद्रावक मृत्यू प्रेक्षकांनी पाहिला होता. शेवटी दोन वाक्यांत सांगण्यात आले की, ती जिवंत असून एका राजाची राणी झाली आहे! आदल्या वर्षी सुमारे सत्तर लाख प्रेक्षक असत. आता संख्या सरासरीने पन्नास लाखांच्याही खाली गेली.

शिक्षा झाली ती अभिनेत्याला. निर्माते १९८९ पर्यंत पदावर राहिले. बेकर यांना मात्र १९८६ च्या अखेरीस काढून टाकण्यात आले. केवळ कायापालटाच्या दृश्यासाठी परत येण्यास त्यांनी नकार दिला, आणि तो समजण्यासारखा आहे. तेव्हा नवे डॉक्टर सिल्व्हेस्टर मकॉय यांनाच कुरळ्या केसांचा टोप घालून, तोंड खाली करून जमिनीवर निजविण्यात आले.

१९९९ पासून बिग फिनिश या संस्थेच्या ध्वनिनाटकांतून कॉलिन बेकर पुन्हा डॉक्टर झाले. तेथे संहिता चांगल्या मिळाल्या, त्यांचा भरदार आवाज होताच, आणि तो कोट कोणाच्याही दृष्टीस पडत नव्हता. उद्धटपणाच्या आड दडलेला कनवाळू डॉक्टर श्रोत्यांना प्रथमच भेटला.