घरगुती वातानुकूलन यंत्राचे वारंवार चालू-बंद होणे : एक कारणमीमांसा

प्रस्तावना

एकेकाळी चैनीची वस्तू मानले गेलेले वातानुकूलन यंत्र आज शहरी मध्यमवर्गीय घरांत सर्रास आढळते. त्याबरोबर एक तक्रारही नित्याची झाली आहे. यंत्र दर काही मिनिटांनी बंद होते आणि पुन्हा सुरू होते. अशा वेळी ‘गॅस कमी झाला असावा’ असे गृहीत धरून गॅस भरून घेतला जातो. दोष मात्र पुष्कळदा कायम राहतो. या दोषामागील कारणांचे वर्गीकरण करून, ती साध्या निरीक्षणाने कशी ओळखता येतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

चालू-बंद होण्याचे स्वरूप

वातानुकूलन यंत्र खोलीतील उष्णता शोषून ती बाहेर टाकते. हे काम कॉम्प्रेसरच्या बळावर चालते. स्थिर गतीच्या यंत्रातील कॉम्प्रेसरला पूर्ण क्षमतेने चालणे किंवा पूर्ण थांबणे, एवढेच दोन पर्याय असतात. ठरविलेले तापमान गाठताच थर्मोस्टॅट त्यास थांबवितो व तापमान थोडे वाढताच पुन्हा सुरू करतो. म्हणजेच चालू-बंद होणे हा मुळात दोष नसून ते नियंत्रणाचे साधन आहे. चालू राहण्याचा काळ फारच अल्प झाला, की त्यास दोषाचे रूप येते.

हा दोष दोन भिन्न प्रकारचा असतो आणि त्यांतील भेद एका प्रश्नाने स्पष्ट होतो : कॉम्प्रेसर थांबतो त्या क्षणी खोली थंड झालेली असते काय?

खोली थंड नसताना थांबणे

खोली उष्ण असतानाच कॉम्प्रेसर थांबत असेल, तर त्यास थर्मोस्टॅटने नव्हे, तर बहुधा संरक्षक यंत्रणेने थांबविलेले असते. बाहेरील भागाच्या जाळीवर धूळ साचली, किंवा तो भाग बंदिस्त सज्जात, भिंतीला चिकटून बसविला, तर उष्णता बाहेर पडत नाही. दाब व तापमान वाढून अतिभार-रक्षक कॉम्प्रेसरचा वीजप्रवाह तोडतो. विजेचा दाब कमी असणे किंवा कपॅसिटर दुर्बल होणे, यांमुळेही हेच घडते.

आतील भागाची गाळणी धुळीने भरली, तर थंड नळ्यांवरून पुरेशी हवा वाहत नाही व नळ्यांवर बर्फ धरू लागतो. मग संवेदक कॉम्प्रेसरला थांबवितो. शीतक वायू कमी झाल्यासही बर्फ धरू शकतो. तथापि हा वायू बंद नळ्यांतून फिरतो. तो इंधनाप्रमाणे खर्च होत नाही. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे, असाच त्याचा अर्थ होतो. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

खोली थंड होऊन थांबणे

दुसऱ्या प्रकारात खोली झटपट थंड होते व यंत्र थांबते. वरकरणी येथे बिघाड काहीच नसतो. थंड झोत थेट संवेदकावर परतत असल्यास असे घडते. परंतु अधिक व्यापक कारण म्हणजे खोलीच्या गरजेपेक्षा मोठे यंत्र.

‘टन’ ही संज्ञा यंत्राच्या वजनाची नव्हे. सुमारे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी हटविण्याची क्षमता म्हणजे एक टन, अर्थात सुमारे 3.5 किलोवॅट. समजा, एखाद्या खोलीत रात्री 1.75 किलोवॅट दराने उष्णता येते. एक टनाचे यंत्र चालू असताना 1.75 किलोवॅट क्षमता खोली थंड करण्यास शिल्लक उरते. दीड टनाच्या यंत्रात ती 3.5 किलोवॅट, म्हणजे दुप्पट होते. परिणामी पहिले यंत्र एका फेरीत आठ मिनिटे चालत असेल, तर दुसरे सुमारे चारच मिनिटे चालेल. थांबण्याचा काळ खोलीत शिरणाऱ्या उष्णतेवर अवलंबून असल्याने तो दोन्हींत आठ मिनिटेच राहील. तासाला चाराहून कमी फेऱ्यांऐवजी पाच फेऱ्या होतील.

प्रत्येक आरंभी मोटार नेहमीच्या कित्येक पट वीजप्रवाह क्षणभर खेचते आणि वंगणतेलाचा काही अंश कॉम्प्रेसरबाहेर जातो. ते तेल परतण्यापूर्वीच यंत्र थांबत राहिले, तर झीज वाढते.

कोकणपट्टीतील विशेष परिणाम

मुंबई, रत्नागिरी किंवा पणजी येथे या दोषाची किंमत अधिक मोजावी लागते, कारण येथे उष्म्याइतकाच दमटपणाही असह्य असतो. 1902 मध्ये विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिन येथील छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलनाची रचना केली, ती मुख्यतः आर्द्रतेच्या नियंत्रणासाठीच होती, हे येथे लक्षणीय आहे.

हवेतील बाष्प थंड नळ्यांवर जमून, ठिबकून बाहेर जाण्यास काही मिनिटे सलग चालणे आवश्यक असते. कॉम्प्रेसर त्यापूर्वीच थांबला, तर नळ्यांवरील पाणी चालू पंख्यामुळे पुन्हा खोलीतच मिसळते. खोली गार, पण ओलसर राहते. अस्वस्थ झालेली व्यक्ती तापमान आणखी खाली आणते. वीज अधिक खर्च होते आणि मूळ त्रास तसाच राहतो. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात मात्र उष्णतेचा भार मोठा असल्याने तेच यंत्र दीर्घकाळ सलग चालते व हा दोष झाकला जातो.

इन्व्हर्टर यंत्रात कॉम्प्रेसरची गती गरजेनुसार कमी होत असल्याने ही अडचण बरीच सौम्य होते. परंतु त्या गतीलाही किमान मर्यादा असते. अतिमोठे इन्व्हर्टर यंत्र त्या मर्यादेखाली जाऊ शकत नाही व तेही चालू-बंद होऊ लागते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते, की वारंवार थांबणाऱ्या यंत्राची चिकित्सा निरीक्षणापासून सुरू व्हावयास हवी. खोली उष्ण असताना यंत्र थांबत असेल, तर प्रथम गाळणी व बाहेरील जाळी स्वच्छ करावी, मग विजेचा दाब व कपॅसिटर आणि शेवटी गळती तपासून घ्यावी. खोली गार, पण दमट राहत असेल, तर दोष यंत्रात नसून बहुधा त्याच्या निवडीत असतो. यासाठी खरेदीपूर्वी केवळ क्षेत्रफळ न पाहता खिडक्यांची दिशा, वरचे छत उन्हात आहे काय आणि खोलीत वावरणाऱ्या व्यक्तींची संख्या, यांचा हिशेब करणे इष्ट ठरते. ‘थोडे मोठे असलेले बरे’ हा संसारातील अनेक वस्तूंना लागू पडणारा नियम वातानुकूलन यंत्रास लागू पडत नाही.