स्मिथसोनियनची बांधकामं: पैसा कोणाचा, देखरेख कोणाची?

वॉशिंग्टनला मुलांकडे राहून आलेले आईबाबा स्मिथसोनियनच्या संग्रहालयांबद्दल हमखास सांगतात, "अहो, तिथं तिकीटच नाही!" मग एवढ्या इमारती उभ्या राहतात कशा? याबाबत बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: स्मिथसनच्या देणगीवरच सगळं चालतं.
वस्तुस्थिती: ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स स्मिथसन यांनी मृत्युपत्राने दिलेली रक्कम पाच लाख डॉलरहून थोडी अधिक होती. त्यातून १८४६ मध्ये संस्था स्थापन झाली. आज मात्र खर्चाचा साठ टक्क्यांच्या आसपासचा वाटा संघीय सरकार उचलतं. बांधकाम आणि मोठ्या दुरुस्त्यांसाठी संसद दरवर्षी वेगळी तरतूद करते.

गैरसमज: म्हणजे सगळा पैसा सरकारचाच.
वस्तुस्थिती: आफ्रिकन-अमेरिकन इतिहास व संस्कृती संग्रहालयावर सुमारे ५४ कोटी डॉलर खर्च झाले. त्यातले निम्मे सरकारी तिजोरीतून आले, निम्मे देणग्यांतून. ही वाटणी कायद्यातच ठरली होती.

गैरसमज: कायदा झाला की काम सुरू.
वस्तुस्थिती: या संग्रहालयाचा कायदा २००३ मध्ये झाला, बांधकाम २०१२ मध्ये सुरू झालं आणि दारं उघडली सप्टेंबर २०१६ मध्ये. मधली वर्षं जागा, आराखडा, मंजुऱ्या आणि निधी यांत गेली. महिलांचा इतिहास आणि लॅटिनो समाज यांच्यावरच्या दोन संग्रहालयांना डिसेंबर २०२० मध्ये कायद्याने मान्यता मिळाली. त्यांच्यापुढेही जागा आणि निधी हेच प्रश्न उभे राहिले.

गैरसमज: मोठा देणगीदार म्हणेल तशी इमारत होते.
वस्तुस्थिती: संस्थेचा कारभार १७ जणांच्या विश्वस्त मंडळाकडे असतो. त्यात सरन्यायाधीश, उपराष्ट्राध्यक्ष, सहा संसद सदस्य आणि नऊ नागरिक असतात. राजधानीतल्या आराखड्यांची छाननी राजधानी नियोजन आयोग आणि ललित कला आयोग करतात; हिशेब आणि कामं संस्थेचे महानिरीक्षक तपासतात. आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयाच्या बाहेरच्या जाळीदार आवरणात सुमारे ३,६०० तावदानं आहेत. कांस्य फार जड, म्हणून ती कांस्यरंगी अॅल्युमिनियमची केली. त्यांचा रंग आणि चकाकी कशी दिसते, हेसुद्धा ललित कला आयोगाने नमुने पाहून तपासलं.

गैरसमज: उद्घाटन झालं की खर्च संपला.
वस्तुस्थिती: हवाई व अंतराळ संग्रहालय १९७६ मध्ये खुलं झालं. त्याच्या दर्शनी भागावरच्या संगमरवरी फरशा जेमतेम तीन सेंटिमीटर जाडीच्या. काळाच्या ओघात त्या वाकल्या. २०१८ मध्ये नूतनीकरण सुरू झालं, तेव्हा त्या काढून ग्रॅनाइट बसवणं भाग पडलं. जुनी वातानुकूलन यंत्रणाही बदलावी लागली. इमारतीचा मुख्य खर्च सरकारने केला. दालनांच्या नव्या मांडणीसाठी प्रामुख्याने देणग्या उभारल्या. जेफ बेझोस यांनी २०२१ मध्ये जाहीर केलेल्या २० कोटी डॉलरपैकी सात कोटी नूतनीकरणासाठी होते, तर १३ कोटी त्यांचंच नाव असलेल्या नव्या शिक्षण केंद्रासाठी.

दालनाला देणगीदाराचं नाव देता येतं. गळक्या छपरावर पाटी लावायला कोण पैसे देणार? म्हणून नव्या संग्रहालयाची घोषणा ऐकली की बांधकामाच्या आकड्याबरोबरच देखभालीची दरवर्षीची तरतूद किती, हेही विचारावं.