चढावर सायकलवरून उतरण्यात कमीपणा नाही

"डॉक्टर, या वयात सायकल? आणि तीही मुरमाच्या रस्त्यावर?" तळेगावच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. माझे वय आज एकसष्ट. चोपन्नाव्या वर्षी रक्तदाब वाढलेला आढळला, रक्तातील साखरही काठावर आली. इतरांना व्यायामाचा उपदेश करणारा मी स्वतः मात्र दिवसभर खुर्चीत बसून होतो! तेव्हा सायकल घेतली. मात्र महामार्गावरच्या ट्रकांच्या गर्दीत जीव रमेना, आणि द्रुतगती मार्गावर तर सायकलला बंदीच. म्हणून डांबरी रस्ता सोडून मावळातल्या कच्च्या वाटा धरल्या.

या वाटांनी मला पुष्कळ दिले. एकदा चांगली अद्दलही घडवली. ती वाचकांना सांगावी, म्हणून हा लेख.

कच्च्या रस्त्याचा फायदा काय?

डांबरी रस्त्यावर मुख्यतः पाय काम करतात. मुरूम, खडी, चाकोऱ्या यांतून जाताना तोल सांभाळावा लागतो, त्यामुळे पोट, पाठ व खांद्यांचे स्नायूही राबतात. धावण्याप्रमाणे गुडघ्यांवर आदळआपट होत नाही. प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा हिशेब रविवारची एक फेरी आणि अधूनमधून अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन फेऱ्या यांत सहज पुरा होतो.

परदेशात अशा रस्त्यांसाठी 'ग्रॅव्हल बाईक' नावाची सायकल निघाली आहे. माझा भाचा जर्मनीत असतो. तिथल्या डोंगराळ जंगलांतून लाकडाच्या गाड्यांसाठी खडी दाबून रस्ते केलेले आहेत आणि १९७५ च्या वनकायद्याने जंगलातील रस्त्यांवर व वाटांवर सायकल चालवायला मोकळीक दिली आहे. त्या रस्त्यांवरून भरलेली गाडी जायची असल्याने चढ बहुधा बेताचा ठेवलेला असतो. आपल्या सह्याद्रीतल्या वाटा माणसांच्या व गुरांच्या पायांनी पडल्या, त्यांवर पुढे जीपगाड्या चालू लागल्या. वळण संपताच छातीवर येणारा चढ उभा राहतो. धोका नेमका इथे आहे.

सपाटीवर किती श्रम करायचे ते आपण ठरवतो. चढावर ते चढ ठरवतो.

राजमाचीच्या वाटेवर

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातील गोष्ट. माझे एक वर्गमित्र, बँकेतून निवृत्त झालेले, माझ्याबरोबर येऊ लागले होते. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत साधारण पंधरा-सोळा किलोमीटरची वाट आहे. जंगल, ओढे, मध्येच उघडी पठारे. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले समोर दिसू लागले की शीण विसरायला होतो. उधेवाडीत पिठले-भाकरी खाऊन आम्ही परत फिरलो.

परतीच्या चढावर ते मागे पडले. थांबून पाहिले, तर चेहरा घामाने डबडबलेला, आणि हात छातीवर.

"अरे, काही नाही, पित्त झालंय," ते म्हणाले. "तू हो पुढे. मी हा चढ चढूनच येणार. उतरायचं नाही असं ठरवलंय."

खरे सांगतो, क्षणभर मलाही ते पित्तच वाटले. नुकतेच जेवण झाले होते ना! मी म्हणालो, "बरं, सावकाश ये." वीस-पंचवीस पावले पुढे गेलो आणि चमकलो. हेच एखाद्या रुग्णाने मला दवाखान्यात सांगितले असते, तर मी काय केले असते? मागे वळलो, त्यांना सायकलवरून उतरवून सावलीत बसवले. विचारल्यावर म्हणाले, डावा जबडाही ओढल्यासारखा होतोय, आणि असे मागच्या आठवड्यात जिना चढतानाही झाले होते.

ॲस्पिरिनची गोळी माझ्याकडे होती, ती चावून खायला दिली. मोबाईलला रेंज नव्हती. नशिबाने उधेवाडीकडून एक जीप आली. त्या गाववाल्याने काही न विचारता सायकली टपावर टाकल्या आणि आम्हाला लोणावळ्यात पोहोचवले. तिथून पुढे मोठ्या रुग्णालयात नेले. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली निघाली. त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली.

मित्र वाचले. पण मला बरेच दिवस झोप लागली नाही. त्यांच्या वडिलांना पंचावन्नाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता, हे मला चाळीस वर्षांपासून ठाऊक होते. तरीही त्यांना चढावर नेण्यापूर्वी मी साधा रक्तदाबही मोजला नव्हता. अनोळखी रुग्णाला जे चार प्रश्न विचारतो, ते मित्राला विचारायचे राहून गेले.

आधी तपासणी, मग चढ

चाळिशी उलटलेली, बैठे काम, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात लहान वयात हृदयविकार, यांपैकी काही असेल तर सुरुवातीपूर्वी डॉक्टरांना भेटावे. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल व ईसीजी पाहून घ्यावा. मात्र विश्रांतीच्या वेळचा ईसीजी चांगला आला म्हणजे हृदय निर्दोष, असे समजू नये. गरज वाटल्यास डॉक्टर ट्रेडमिलवरची तपासणी सुचवतात. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर श्रमाने एकदम उतरू शकते. त्यांनी खिशात साखर ठेवावी.

श्रम किती करावेत याला घड्याळ लागत नाही. सायकल चालवताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. वाक्य तुटू लागले, की उतरावे आणि सायकल हातात धरून चालावे. छातीत दाब, जळजळ, जबडा किंवा हात ओढणे, न शोभणारा घाम, चक्कर, यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. "थोडेच उरले आहे," हे वाक्य त्या वेळी मनात आणू नये.

कुठून सुरुवात करावी?

पुणे-लोणावळा लोकलमुळे मावळ सोयीचा झाला आहे. सायकल नेण्याचा नियम स्टेशनवर विचारून घ्यावा. नवख्यांनी कान्हे स्टेशनवरून टाकवे बुद्रुककडे जावे. आंदर मावळात भातखाचरांतून जाणाऱ्या बऱ्याचशा सपाट वाटा आहेत. महिना-दोन महिन्यांनी कामशेतहून पवनानगरला जावे आणि जलाशयाच्या कडेने तिकोन्याच्या दिशेने फिरावे. मळवलीहून भाजेमार्गे लोहगडवाडीचा चढ आणि राजमाचीची वाट ही त्यानंतरची इयत्ता. पी हळद नि हो गोरी, असे इथे चालत नाही.

महागडी सायकल हवीच असे नाही. गिअरची साधी सायकल आणि थोडे रुंद टायर पुरेत. हवा डांबरी रस्त्यापेक्षा कमी ठेवली की हादरे कमी बसतात. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच असावी. करंगळीला मुंग्या येऊ लागल्या तर मूठ सैल करावी, हातांची जागा बदलावी. उतारावर वळणाआधीच वेग कमी करावा. नुसता पुढचा ब्रेक दाबला तर खडीवर माणूस तोंडावर आपटतो. हेल्मेट घातल्याशिवाय निघू नये. पाणी, शेंगदाण्याची चिक्की आणि मीठ-साखरेची पुडी जवळ असावी. कुठे जातो ते घरी सांगून निघावे, शक्यतो एकट्याने जाऊ नये.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ओढ्याला पाणी असेल तर सायकल घालू नये. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, हे विसरू नये. चिखलपाण्यात खरचटले तर जखम साबणाने धुवावी, धनुर्वाताचे इंजेक्शन बाकी असेल तर घ्यावे. नंतर ताप आल्यास डॉक्टरांना चिखलात फिरल्याचे आवर्जून सांगावे, कारण लेप्टोस्पायरोसिस अशा पाण्यातूनही होतो.

माझे मित्र आता हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीने पुन्हा सायकल चालवतात. गेल्या महिन्यात आम्ही त्याच वाटेने गेलो. तो चढ आला तसे दोघेही न बोलता उतरलो आणि सायकली ढकलत वर गेलो. मागून आलेल्या दोन कॉलेजच्या मुलांनी विचारले, "काका, पंक्चर का?"

"नाही रे," मित्र म्हणाले, "तब्येत जपतोय."