डिस्कस मासा घेताय? आधी पाणी, वीज आणि मे महिना बघा!

चंद्रपूर/गडचिरोली : ताटलीसारखा गोल, चपटा, निळ्या-लाल-पिवळ्या रंगाचा डिस्कस मासा मोबाईलवर पाहिला की कोणालाही आवडतो. व्हिडिओखाली ‘घरपोच मिळेल’ असंही लिहिलेलं असतं. एका माशाची किंमत काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत जाते. त्यात टाकी, फिल्टर, हीटर धरलं तर धानाच्या चुकाऱ्यातला चांगला मोठा हिस्सा यातच जातो. आणि महिनाभरात मासे मेले तर पैसे परत मिळत नाहीत.

हा मासा आपल्या जिल्ह्यात जगू शकतो. पण त्याच्यासाठी आधी पाणी तयार करावं लागतं, मासा नंतर आणायचा असतो. बहुतेक लोक उलटं करतात. म्हणून घेण्याआधी काय तपासायचं, ते नीट समजून घेऊ.

मासा कुठला, स्वभाव कसा?

डिस्कस मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. आपल्या बाजारात विकायला येणारा तिलापिया याच घराण्यातला. पण तिलापिया कसल्याही पाण्यात तग धरतो, डिस्कस धरत नाही. त्याला कोमट, मऊ आणि स्वच्छ पाणी लागतं. तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअस.

हा कळपात राहणारा मासा आहे. एक-दोन आणले तर ते घाबरून कोपऱ्यात बसतात, नाहीतर मोठा मासा लहानाला मारतो. निदान ५-६ तरी एकत्र ठेवावे लागतात. पूर्ण वाढलेला मासा १५ सेंटीमीटर किंवा त्याहून मोठा होतो. त्यामुळे शोकेसवर ठेवायची छोटी टाकी इथे चालत नाही.

४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी घ्या. तिच्यात साधारण २५० लिटर पाणी मावतं. पाणी, काच, स्टँड मिळून वजन ३०० किलोच्या वर जातं. शेणाने सारवलेल्या मातीच्या जमिनीवर किंवा माळ्यावर ती ठेवू नका. पक्की, सपाट फरशी हवी.

नळ, बोअर की आरओचं पाणी?

ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. माणसाला ती चालते, माशाचे कल्ले मात्र क्लोरीनने जळतात. पाणी उघड्या ड्रममध्ये हवेचा पंप लावून २४ तास ठेवा किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन काढायचे थेंब टाका. मगच ते टाकीत घाला.

बोअरचं पाणी अनेक गावांत जड असतं. बादलीवर, गिझरवर पांढरा थर बसत असेल तर तुमचं पाणी जड आहे. शिवाय बोअरच्या ताज्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. तेही रात्रभर हवा देऊन मगच वापरा.

गावातल्या वॉटर एटीएमचं आरओचं पाणी मऊ असतं, पण नुसतं आरओ भरू नका. त्यात क्षार फारच कमी राहतात आणि पाण्याचा पीएच अचानक घसरू शकतो. आरओ आणि बोअरचं पाणी मिसळून वापरा आणि ते प्रमाण दर वेळी सारखंच ठेवा. टाकीत वाढवलेले मासे ७.५ पर्यंतचा पीएच सहन करतात. त्यांना रोज बदलणारं पाणी सहन होत नाही. विकणाऱ्याला आधीच विचारा, ‘तुमच्याकडे मासे कोणत्या पाण्यात आहेत?’ त्याचं पाणी आणि तुमचं पाणी जितकं जवळचं, तितकं बरं.

टाकी मुरू द्या

नवीन टाकीत पहिल्याच दिवशी मासे सोडले की पैसे बुडालेच समजा. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी आहे. फिल्टरच्या स्पंजमध्ये चांगले जीवाणू वाढले की ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. हे जीवाणू वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. गरम आणि जास्त पीएचच्या पाण्यात अमोनिया जास्त जहाल होतो, म्हणून आपल्याकडे घाई करणं आणखी धोक्याचं.

टाकी भरा, फिल्टर चालू करा, रोज चिमूटभर खाद्य टाका. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत थांबा. ओळखीच्या कोणाकडे निरोगी मासे असलेली जुनी टाकी असेल, तर त्यांच्या फिल्टरचा वापरलेला स्पंज आणा. काम लवकर होतं. स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच धुवा. नळाखाली धुतला की जीवाणू मरतात.

मासे आल्यावर दर दोन-तीन दिवसांनी २५ ते ३० टक्के पाणी बदला. नवीन पाणी टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट हवं. काढलेलं पाणी सांदवाडीतल्या भाजीला घाला, झाडं चांगली वाढतात.

मे महिना आणि डिसेंबरची रात्र

‘डिस्कसला गरम पाणी लागतं, मग चंद्रपूर त्याला मानवेल’ असं काहींना वाटतं. तसं नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि स्लॅबच्या घरात टाकीचं पाणीही तापत जातं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. २५ अंशाला एक लिटर पाण्यात साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशाला फक्त ७ च्या आसपास. त्याच वेळी माशाला प्राणवायू जास्त लागतो.

उपाय साधे आहेत :
- टाकी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब ठेवा.
- झाकण काढून जाळी लावा आणि पाण्यावरून वारा जाईल असा छोटा पंखा लावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं.
- उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने करा, नाहीतर क्षार वाढत जातात.
- स्लॅबवरच्या टाकीचं तापलेलं पाणी थेट ओतू नका.
- बर्फ पाण्यात टाकू नका. तापमान एकदम घसरलं तर मासा आजारी पडतो.

हिवाळ्यात उलटं. रात्रीच्या थंडीत हीटरशिवाय मासा टिकत नाही. २५० लिटरला ३०० वॅटचा एक हीटर घेण्यापेक्षा १५० वॅटचे दोन घ्या. एक बिघडला तर दुसरा सांभाळून घेतो.

वीज किती, आणि गेली तर?

फिल्टर आणि हवेचा पंप मिळून २५ वॅट धरले तर महिन्याला १८ युनिट होतात. हिवाळ्यात ३०० वॅटचे हीटर दिवसाला १० तास चालले तर महिन्याला ९० युनिट आणखी. बिलाचा हा हिशेब आधीच करा.

वादळात तासन् तास वीज जाते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हाची गोष्ट तर वेगळीच. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे. वीज नसताना खाद्य टाकू नका. बंद डब्याचा फिल्टर बरेच तास बंद राहिला तर आतलं पाणी सडतं. तो धुतल्याशिवाय पुन्हा चालू करू नका.

आणि जीव महत्त्वाचा. पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढा. घराला अर्थिंग असल्याची खात्री करा.

हिवतापाची फवारणी आली तर

गडचिरोलीच्या गावांत घरात डासांची फवारणी होते. ती करून घ्यायलाच हवी, माणसाचा जीव आधी. पण या औषधांतली बरीच औषधं माशांना अतिशय घातक असतात. फवारणीआधी टाकी प्लास्टिकने नीट झाका आणि हवेचा पंप बंद करा, कारण तो खोलीतलीच हवा पाण्यात ओढतो. फवारणी झाली की खोली मोकळी हवेशीर करा, मग पंप सुरू करा. टाकीशेजारी डासांची अगरबत्ती, स्प्रेही नको.

घेताना काय बघायचं?

शक्य असेल तर नागपूरला किंवा जवळच्या शहरात जाऊन स्वतः बघून घ्या.
- तुमच्यासमोर खाद्य टाकायला सांगा. जो खातो तोच घ्या.
- अंग गोल हवं. अंगाच्या मानाने डोळा फार मोठा दिसत असेल तर माशाची वाढ खुंटलेली आहे.
- काळवंडलेला, पंख आवळून कोपऱ्यात बसलेला, एकाच कल्ल्याने श्वास घेणारा मासा नको.
- विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल तर पोटात जंत असू शकतात.
- दोन इंचाच्या पिल्लाला मोठ्या माशासारखा भडक रंग असेल तर सावध व्हा. रंगासाठी हार्मोन देण्याचे प्रकार होतात.

प्रवास रात्री किंवा पहाटे करा. पिशवीत प्राणवायू भरून थर्माकोलच्या डब्यात मासे आणा. ऑनलाइन घ्यायचं असेल तर अनोळखी माणसाला पूर्ण पैसे आधी पाठवू नका. मेलेला मासा निघाला तर काय, ते लिहून घ्या आणि डबा उघडताना व्हिडिओ काढा.

खाद्य म्हणून डिस्कसचे दाणे चांगले. झिंगे द्यायचे तर उकडून, बारीक करून द्या. नालीतले किडे देऊ नका, त्यातून रोग येतात. खारवलेली सुकटही नको.

‘जोडी घ्या, पिल्लं आम्ही विकत घेऊ’

असं कोणी म्हणत असेल तर थांबा. लहान डिस्कसमध्ये नर कोणता, मादी कोणती, हे खात्रीने ओळखता येत नाही. म्हणून पिल्लांची ‘जोडी’ असा प्रकारच नसतो. अंडी घालून पिल्लं वाढवलेली जोडी तीच खरी आणि ती महाग असते. शिवाय याची पिल्लं सुरुवातीला आई-बापाच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन जगतात, त्यामुळे पिल्लं वाढवणं नवशिक्याचं काम नाही.

शोभिवंत माशांचा धंदा करायचाच असेल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करा. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अशा युनिटचा समावेश आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद त्यात आहे. सध्या अर्ज सुरू आहेत का, ते तिथेच कळेल. शिकायला गप्पी मासे घ्या. सहा महिने ते नीट सांभाळता आले तर डिस्कसचा विचार करा.

नको झाला तरी तलावात सोडू नका

कंटाळा आला, परीक्षा आली, बिल वाढलं की टाकी मामा तलावात रिकामी करायचा मोह होतो. डिस्कस आपल्या थंडीत मरेल, पण त्याच टाकीतला काच साफ करणारा सकर मासा मरणार नाही. सोलापूर-पुण्याकडच्या उजनी जलाशयात हाच सकर मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, जाळी खराब करतो आणि त्याला गिऱ्हाईक नसतं. आपल्या मालगुजारी तलावांवर ढिवर बांधवांच्या मच्छीमार संस्थांचं पोट आहे. तिथे एकदा सकर वाढला तर तो काढणं कोणाच्याच हातात राहत नाही.

मासे नको असतील तर दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला फुकट द्या. घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा, ‘नको झाले तर परत घ्याल का?’ आणि खरेदी नोव्हेंबर-फेब्रुवारीच्या दरम्यान करा, हीटर आधी लावून. म्हणजे पहिला मे महिना येईपर्यंत तुम्हालाही टाकीची सवय झालेली असेल आणि माशालाही तुमच्या पाण्याची.